तीन सुतांचा फरक : घरी बांधलेल्या विमानाचे पंख सरळ बसवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या एका मराठी अभियंत्याचे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांना येथे केवळ ‘विमानकर्ते’ म्हटले आहे. पिंपरीच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि त्या वर्षी मुलाकडे सहा महिन्यांसाठी राहायला गेलो होतो. विमानकर्ते मुलाच्या शेजारचेच. ‘काका, मापाला एक सवयीचा डोळा हवा आहे, येता का?’ एवढ्या एका वाक्यावर मी त्यांच्या गॅरेजमध्ये दाखल झालो आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार तिथेच गेले.

विमान होते व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे आरव्ही-७. संपूर्ण ॲल्युमिनियमचे, शेजारी-शेजारी दोन आसनांचे, खालच्या बाजूला पंख असलेले आणि साधारण २५ फूट पंखविस्ताराचे. अशा विमानाचे सुटे भाग किट म्हणून घरी येतात आणि हजारो रिव्हेट स्वतः ठोकून ते जोडावे लागते. अमेरिकेच्या हवाई नियमांत ‘हौशी बांधणीचे प्रायोगिक विमान’ असा स्वतंत्र प्रवर्ग आहे. कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेला असेल, तर तपासणीनंतर त्या विमानाला उडण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि ते २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्याच्या कागदपत्रांची वाट किती अवघड होती ते अनेकांनी वाचले असेल. ओहायोत मात्र घरी विमान बांधणारा माणूस ही बातमी होत नाही.

विमानकर्त्यांनी पाच वर्षे खपून पंख आणि धड वेगवेगळे पूर्ण केले होते. आता पंख पहिल्यांदा धडाला लावून नेमके जुळवायचे होते.

या एका दिवसाचे महत्त्व का, हे समजण्यासाठी जोडणीची रचना पाहावी लागेल. प्रत्येक पंखात आडवे दोन कणे असतात. पुढचा जाड मुख्य स्पार आणि त्याच्या मागे साधारण ७० सेंटिमीटरवर बारीक असा मागचा स्पार. मुख्य स्पारची भोके कारखान्यातूनच अचूक पाडून येतात. त्यामुळे पंखाचा वर झुकणारा साडेतीन अंशांचा कोन, ज्याला डायहेड्रल म्हणतात, बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. मागच्या स्पारचे भोक मात्र बांधणाऱ्याने जागेवर पाडायचे असते, आणि त्या एका अडीच सुती भोकावर दोन गोष्टी कायमच्या ठरतात. पहिली स्वीप, म्हणजे वरून पाहता पंख धडाशी काटकोनात आहे की पुढे-मागे कललेला. दुसरी इन्सिडन्स, म्हणजे बाजूने पाहता पंख धडाच्या रेषेशी किती अंशांनी वर तोंड करून बसला आहे. भोक पाडून झाले की परत फिरता येत नाही. चुकीचे भोक म्हणजे मागचा स्पार खराब, आणि स्पार बदलायचा म्हणजे पंख उघडायचा.

तिसरी अट कडेच्या अंतराची. पंखाच्या मागच्या स्पारचे टोक आणि धडातून बाहेर आलेले खुंट एकमेकांवर येतात आणि त्या पट्ट्यातून बोल्ट जातो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर दोन्ही तुकड्यांत राहिलेच पाहिजे. बोल्ट अडीच सुती, म्हणून किमान अंतर पाच सूत, अर्थात सुमारे १५.९ मिलिमीटर. ज्यांना सूत हे माप परके झाले असेल त्यांच्यासाठी सांगतो, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अमेरिकन टेपवर अजून इंचच असल्याने माझी तिथे अजिबात अडचण झाली नाही.

मांडणी

गॅरेज तीन गाड्यांचे असल्याने पंखांची रुंदी बसत होती, पण धडाची लांबी बसत नव्हती. त्यामुळे दार उघडे ठेवून शेपटीचा भाग बाहेर काढावा लागला. शेपटी एका लाकडी घोडीवर टेकवून धड समपातळीत आणले. मुख्य स्पारमध्ये खरे बोल्ट न घालता बाजारातले साधे बोल्ट थोडे घासून, ग्रीस लावून तात्पुरते घातले, म्हणजे काढ-घाल करताना मूळ भोकांना ओरखडा जाऊ नये.

आरव्ही-७ चा पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, आयताकृती असतो. त्यामुळे स्वीप तपासणे सोपे आहे. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवरून प्रत्येकी दोन ओळंबे सोडायचे. चारही ओळंब्यांच्या दोऱ्या एका ताणलेल्या सुतळीला नुसत्या स्पर्शून गेल्या की दोन्ही पंख एका सरळ रेषेत आले. उघड्या दारातून येणाऱ्या झुळकेने ओळंबे हलत होते, म्हणून ते पाणी भरलेल्या डब्यांत बुडवले. डबे श्रीखंडाचे होते आणि विमानकर्त्यांच्या पत्नींनी ते कशासाठी साठवले आहेत हे कोणीही विचारले नव्हते. पाण्यात ओळंबा अर्ध्या मिनिटात स्थिर होतो.

दुपारपर्यंत चारही दोऱ्या सुतळीला लागल्या. पण एक सरळ रेषा मिळाली म्हणजे ती रेषा धडाला काटकोनात आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून पुढची पायरी, शेपटीवरच्या मध्यबिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांवरच्या सारख्या खुणांपर्यंत टेपने अंतर मोजणे. ही दोन अंतरे सारखी यायला हवीत.

अडचण

ती सारखी आली नाहीत. शेपटीपासून उजव्या टोकापर्यंतचे अंतर डाव्यापेक्षा तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जास्त भरले. टेप दोनदा ताणून पाहिला, मोजणारे हात बदलले, फरक तेवढाच राहिला. पंखांची आपसातली रेषा सरळ होती, म्हणजे मापावर विश्वास ठेवला तर पंखांची अख्खी जोडीच धडावर किंचित फिरून बसली होती, डावे टोक मागे आणि उजवे पुढे.

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मदतीला आलेल्या शेजाऱ्याला पाच वाजता जायचे होते. पंख पुन्हा उतरवायला चार माणसे लागतात. या गोष्टी मापाशी संबंधित नाहीत, पण निर्णयावर त्यांचा भार असतो, म्हणून नोंदवतो.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय, फक्त डावा पंख पुढे ढकलणे. शेपटीची खूण पंखटोकांच्या मागे साधारण ३ मीटरवर आणि टोके मध्यरेषेपासून साडेतीन मीटरवर होती. त्या भूमितीत साडेनऊ मिलिमीटरचा फरक मिटवायला एक टोक सुमारे १५ मिलिमीटर हलवावे लागले असते. पंख मुख्य स्पारच्या मुळाभोवती फिरतो. त्यामुळे डावे टोक पुढे गेले की त्याच्या मागच्या स्पारचे मूळ धडापासून बाहेर सरकते. टोक १५ मिलिमीटर हलले तर मूळ साडेतीन मिलिमीटर सरकते. डाव्या बाजूला भोक पट्ट्याच्या मधोमध घेतले तर दोन्ही तुकड्यांत साडेपाच सूत, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर कड मिळत होती. पट्टा साडेतीन मिलिमीटरने अरुंद झाला की प्रत्येकाच्या वाट्याची कड १५.७५ मिलिमीटर होते, आणि ती किमान १५.९ च्या खाली जाते. अर्धा धागा कमी पडला म्हणून काय झाले, असे म्हणण्याची ही जागा नाही. हा पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय, फक्त उजवा पंख मागे ओढणे. यात कड कमी होत नव्हती, कारण उजव्या पंखाचे मूळ आत सरकले असते. परंतु स्पारचे टोक आत अडकत होते आणि ते घासून कमी करावे लागले असते. शिवाय एकच पंख हलवला की ओळंब्यांनी मिळवलेली सरळ रेषा मोडते.

तिसरा पर्याय, फरकाची वाटणी. उजवे टोक साडेसात मिलिमीटर मागे, डावे तेवढेच पुढे. पंखांची रेषा सरळ राहते, डावी कड १६.६ मिलिमीटर म्हणजे नियमात बसते, उजवीकडे टोक किंचित घासले की झाले, आणि टेपची दोन्ही मापे जुळतात. कागदावर यात काहीही खोट नव्हती. हा पर्याय मीच सुचवला होता. फरक दोन बाजूंना वाटून टाकणे ही टूलरूमची जुनी खोड आहे आणि शंभरातल्या नव्वद वेळा ती चालूनही जाते.

चौथा पर्याय, काहीही न हलवता फरकाचे कारण शोधणे, म्हणजे त्या दिवशी भोक न पाडणे.

पाचवाही एक पर्याय शेजाऱ्याने मांडला, की सोडून द्या, एवढ्याने उडताना काही कळणार नाही. प्रामाणिकपणे पाहता स्वीपच्या बाबतीत त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. साडेतीन मीटरवर साडेसात मिलिमीटर म्हणजे अंशाचा जेमतेम आठवा भाग. परंतु साडेनऊ मिलिमीटरचे कारण माहीत नसेल तर त्याच कारणाने दुसरीकडे काय बिघडले आहे हेही माहीत नसते.

निर्णयाचा क्षण

विमानकर्त्यांनी चौथा पर्याय निवडला, पण तो तत्त्वापोटी निवडला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. उजव्या स्पारचे टोक घासायला त्यांनी कानस हातात घेतली होती. तेवढ्यात त्यांच्या पत्नींनी, ज्या टेपचे शेपटीकडचे टोक धरून उभ्या होत्या, विचारले, ‘अहो, पण ही खूण मधली आहे हे कोणी ठरवलं?’ विमानकर्ते म्हणाले, ‘मीच केली आहे.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग पुढून पण एकदा मोजा ना.’

त्या स्वतः हिशेबतपासनीस आहेत. जमा आणि खर्च जुळत नसेल तर आकडे वाटून टाकायचे नसतात, दुसऱ्या वहीतून ताळा घ्यायचा असतो, हे त्यांच्या अंगवळणी पडले असावे.

केलेली कार्यवाही

पुढचा संदर्भ म्हणून इंजिनमागची आडवी भिंत, म्हणजे फायरवॉल घेतली. तिचा मध्य दोन्ही कडांपासून मोजून निश्चित केला आणि तिथून दोन्ही पंखटोकांपर्यंत टेप लावला. फरक एक मिलिमीटरच्या आत आला. आता चित्र बदलले. पुढून पाहता पंख बरोबर होते, मागून पाहता चूक होते. म्हणजे एक तर धड केळ्यासारखे वाकलेले होते, नाही तर शेपटीची खूण मध्यावर नव्हती.

वाकलेल्या धडाची शंका वाईट होती. ती फेडण्यासाठी फायरवॉलच्या मध्यापासून शेपटीच्या शेवटच्या खांबाच्या मध्यापर्यंत बारीक मासेमारीचा दोरा ताणला. धडाच्या आतल्या आडव्या चौकटींवर कारखान्यातूनच मध्याची छोटी भोके आलेली असतात. त्यांतून दिसेल तेवढ्या प्रत्येक भोकावरून दोरा बरोबर जात होता. धड सरळ होते. मग आमच्या खुणेशी जाऊन पाहिले, तर दोरा तिच्या उजवीकडून जात होता. खूण दोऱ्याच्या डावीकडे होती आणि अंतर नेमके दोन सूत, सहा मिलिमीटरच्या किंचित वर.

विमानकर्ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी नकाशांच्या भेंडोळ्यातून शेपटीचे पान काढून माझ्यापुढे धरले. उभ्या शेपटीचे पुढचे टोक मध्यरेषेपासून पाव इंच डावीकडे बसवावे, असे त्यावर स्वच्छ लिहिले होते. कारण असे की पुढच्या फिरत्या पंख्यामागून (प्रोपेलरमागून) येणारी हवा धडाभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते, त्यामुळे विमानाचे नाक डावीकडे वळू पाहते. शेपटीचे पुढचे टोक आधीच थोडे डावीकडे ठेवले की सरळ उडताना वैमानिकाला पायाने सतत उजवे रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, दाबून ठेवावे लागत नाही. विमानकर्त्यांनी सूचनेप्रमाणे ती शेपटी बसवून, भोके पाडून, पुन्हा उतरवून ठेवली होती. पंख जुळवण्याच्या दिवशी टेपच्या टोकाचे हुक अडकवायला काहीतरी हवे होते, तिथे एक भोक तयार होते, त्यात बोल्ट बसत होता, आणि तो डोळ्यांना मध्यावरच दिसत होता. सोयीचा बिंदू हाच मध्यबिंदू झाला.

नंतर वहीत हिशेब केला. साडेतीन मीटर आणि तीन मीटर बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ४.६ मीटर येतो. मागची खूण डावीकडे जितकी सरकेल त्याच्या पाऊण पट डावे अंतर कमी होते आणि तेवढेच उजवे वाढते, म्हणजे एकूण फरक दीडपट पडतो. पाव इंच, ६.३५ मिलिमीटर, गुणिले दीड, साडेनऊच्या घरात. तीन सुतांचा पूर्ण हिशेब लागला, काही उरले नाही.

खूण खऱ्या मध्यावर नेऊन पुन्हा मोजले तेव्हा दोन्ही अंतरे अर्ध्या सुताच्या आत जुळली. पंख सकाळपासून बरोबरच बसले होते. माझ्या वाटणीच्या पर्यायाने आम्ही बरोबर बसलेले दोन्ही पंख काळजीपूर्वक वाकडे केले असते, आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याच खुणेवरून झाली असती तर ती उत्तीर्णही झाली असती.

दुसरी अडचण : इन्सिडन्स

दुसऱ्या दिवशी, रविवारी, इन्सिडन्स घेतला. पंखाच्या वरच्या पृष्ठावर मुख्य स्पारच्या रिव्हेटांच्या ओळीवर पाणसळीचे एक टोक ठेवायचे, दुसरे टोक मागच्या स्पारवर नकाशात दिलेल्या उंचीच्या ठोकळ्यावर टेकवायचे, आणि पाणसळ धडाच्या वरच्या कडेने जाणाऱ्या लांब पट्टीशी, म्हणजे लाँजरॉनशी, समांतर येईपर्यंत पंखाची मागची बाजू वर-खाली करायची. आमच्याकडे अंशाचा दहावा भाग दाखवणारी डिजिटल पाणसळ होती. धडावर ०.०, उजव्या पंखावर ०.०, डाव्या पंखावर ०.३.

येथे ‘सोडून द्या’ हा पाचवा पर्याय लागू नव्हता. वेगाने उडताना अशा विमानाच्या पंखाला हवेशी करावा लागणारा एकूण कोन माझ्या ढोबळ हिशेबाने तीनेक अंशांचा असतो. म्हणजे ०.३ अंशांचा फरक हा एका पंखाने दुसऱ्यापेक्षा दहावा भाग जास्त वजन उचलण्यासारखे आहे. असे विमान हात सोडला की एका अंगावर कलते, आणि ते सांभाळत तासन्‌तास उडावे लागते. डाव्या पंखाचा मागचा स्पार पावणेचार मिलिमीटर हलवला की आकडा जुळणार होता, आणि तेवढी जागा होती.

आदल्या दिवसाच्या अनुभवामुळे या वेळी कोणीही पंखाला हात लावला नाही. मी पाणसळ उचलली आणि डाव्या पंखावर त्याच जागी टोकाला टोक फिरवून उलटी ठेवली. आकडा ०.० झाला. टूलरूममध्ये नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट, की पाणसळ एकदा सुलटी आणि एकदा उलटी ठेवून वाचायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची, ती मी स्वतः आदल्या दिवसापासून विसरलो होतो. पाणसळीत मुळातच ०.१५ अंशाची खोट होती. धडावर आणि उजव्या पंखावर ती एकाच दिशेने ठेवली होती, त्यामुळे खोट दोन्हीकडे सारखी धरली जाऊन नाहीशी झाली. डाव्या पंखावर मात्र तिचा पडदा भिंतीकडे जात होता आणि वाचता येत नव्हता, म्हणून विमानकर्त्यांनी ती फिरवून ठेवली होती. फिरवल्याबरोबर खोटीची दिशा उलटली आणि दुप्पट होऊन ०.३ दिसली.

खात्रीसाठी गवंड्यांची पद्धत वापरली. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही पंखांच्या मागच्या स्पारांजवळ धरून पाण्याच्या रेषेपासून समान खुणांपर्यंतची उंची मोजली. दोन्ही बाजूंचा फरक एक मिलिमीटरच्या आत होता. या नळीत बॅटरी नसते आणि तिला उलट-सुलट माहीत नसते. मात्र नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. पहिल्या प्रयत्नात आमच्या नळीत बुडबुडा होता आणि अर्धा तास त्यात गेला.

भोक

त्या रविवारीही भोक पाडले नाही. तिथे प्रायोगिक विमानांच्या हौशी संघटनेचे, म्हणजे ईएएचे, अनुभवी सभासद तांत्रिक सल्लागार म्हणून विनामूल्य काम पाहायला येतात. अशा एका सल्लागारांना पुढच्या शनिवारी बोलावले. त्यांनी दोन दिवसांच्या मापांची वही पाहिली, स्वतः ओळंबे सोडून पाहिले, आणि एकच भर घातली. क्लॅम्प पूर्ण आवळल्यावर सगळी मापे पुन्हा घ्या, असे ते म्हणाले.

हे ऐकले म्हणून बरे झाले. डाव्या बाजूचे क्लॅम्प आवळल्यावर इन्सिडन्स ०.१ ने सरकला. क्लॅम्पचा दाब तिरका लागत होता. लाकडाची पातळ पट्टी घालून तो सरळ केला, पुन्हा मोजले, आणि मग ड्रिल हातात घेतले.

भोक तिरके जाऊ नये म्हणून मी एक इंच जाडीच्या पोलादी ठोकळ्यात काटकोनात भोक पाडून मार्गदर्शक तयार केला होता. आधी बारीक भोक, मग मापे, मग टप्प्याटप्प्याने मोठे, शेवटी भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. डाव्या बाजूचे बारीक भोक पार झाल्याचा आवाज बदलला तेव्हा विमानकर्त्यांनी ड्रिल थांबवून पुसट आवाजात ‘मापा’ एवढेच म्हटले, आणि त्यांच्या पत्नींनी पाणसळीचे दोन्ही आकडे, सुलटा आणि उलटा, वाचून दाखवले. उजवीकडचे काम त्यामानाने पटकन झाले. शेवटी डाव्या बाजूला कड साडेपाच सूत आणि उजव्या बाजूला सव्वापाच सूत मिळाली. दोन्ही किमान पाचच्या वर.

निष्पत्ती

पुढे विमान विमानतळावर नेऊन पूर्ण जोडले, तपासणी झाली आणि नियमाप्रमाणे चाचणीचे ठरलेले तास सुरू झाले. पहिल्या उड्डाणात हात सोडल्यावर विमान कोणत्याही अंगावर कलले नाही, असे विमानकर्त्यांनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले. मी तेव्हा पुण्यात परतलो होतो. तोल दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मात्र मध्यापासून थोडा बाजूला राहत होता. तो त्यांनी रडरच्या मागच्या कडेला लहानशी पाचर चिकटवून मध्यावर आणला. असा किरकोळ उपाय या जातीच्या पुष्कळ विमानांना लागतो आणि त्याचा संबंध पंखांच्या जुळणीशी जोडता येत नाही.

वेळेचा हिशेब करायचा तर जे काम एका शनिवारचे म्हणून ठरवले होते त्याला दोन शनिवार आणि एक रविवार लागला. साहित्य काहीच वाया गेले नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

शेपटीवरची खूण उभी शेपटी बसवण्याआधीच करून ठेवली पाहिजे, धडाच्या आतल्या मध्याच्या भोकांवरून दोरा ताणून, आणि ती वेगळ्या रंगाने. नकाशात जी जागा मुद्दाम तिरकी किंवा सरकवलेली आहे त्या प्रत्येक जागी त्याच दिवशी ‘मध्य नव्हे’ असे लिहून ठेवावे, कारण पाच वर्षांच्या कामात दोन महिन्यांपूर्वी वाचलेले पानही लक्षात राहत नाही. विमानकर्त्यांना ही गोष्ट अधिक बोचली, कारण ती सूचना त्यांनी वाचली होती आणि अचूक पाळलीही होती.

मोजमापाची उपकरणे कामाला लावण्याआधी तपासायची ही माझी जबाबदारी होती. मी पाणसळ सकाळी उलटी करून पाहिली असती तर रविवारचा अर्धा दिवस वाचला असता. शनिवारी मी फरकाची वाटणी सुचवली त्याचे मला अधिक वाईट वाटते, कारण वाटणी तेव्हाच करायची असते जेव्हा दोन स्वतंत्र संदर्भांवरून तोच फरक दिसतो. आमच्याकडे तेव्हा एकच संदर्भ होता आणि तो आम्ही दोनदा मोजला होता, दोन संदर्भ मोजले नव्हते.

उघड्या दाराचा प्रश्न मात्र सुटला नाही. दुपारच्या उन्हात शेपटीची एक बाजू तापत होती आणि दुसरी सावलीत होती. त्याचा मापावर परिणाम झाल्याचे आम्हाला दिसले नाही, पण आम्ही तो वेगळा मोजलाही नाही. पुढच्या वेळी हे काम पहाटे किंवा ढगाळ दिवशी करावे, असे विमानकर्त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याखाली त्यांच्या पत्नींच्या अक्षरात ‘चार माणसे सातपर्यंत मोकळी हवीत, पाचपर्यंत नव्हे’ अशी एक ओळ आहे.